आईला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६३ वर्षांच्या, गावी असतात. खालची उजवीकडची दाढ तीन महिने मधूनमधून ठणकते. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बसवलाय. आयुष्यात एकदाही दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या नाहीत; लवंग आणि मेडिकलमधून आणलेली गोळी यावर भागवतायत. पहिल्या दिवशी नेमकं काय करतात, दुखतं का, खर्च किती, हे तुम्हाला हवंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय: "ती यायलाच तयार नाही. म्हणते दात काढला की नजर जाते. शिवाय मिश्री लावते, म्हणून डॉक्टर ओरडतील अशी भीती." (मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दातांना लावायची पूड.)

मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी २३ वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय. वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. सुईला घाबरणारी बाई निदान खुर्चीपर्यंत येते. बोलणी खायला घाबरणारी दवाखान्याची पायरीच चढत नाही. आणि चढली तरी विचारल्यावर "नाही बाई, मी काहीच लावत नाही" म्हणून मोकळी होते. मग आमची तपासणी अर्धीच राहते.

आधी हे सांगून टाकते की पहिला दिवस बहुतेक वेळा बघण्याचा आणि बोलण्याचा असतो, करण्याचा नसतो. माझ्याकडे नवीन माणसाला साधारण अर्धा तास लागतो. त्यातली दहा-बारा मिनिटं नुसत्या प्रश्नोत्तरांत जातात आणि तोपर्यंत मी तोंडात आरसासुद्धा घातलेला नसतो. अर्थात हे सगळं कुठल्या अवस्थेत येता यावर आहे. गालाला सूज आहे, रात्रभर झोप नाही, अशा वेळी त्याच दिवशी काहीतरी करावंच लागतं: पू काढून द्यायचा, किंवा दाढ उघडून आतला दाब कमी करायचा. तुम्ही लिहिलंय ते "मधूनमधून ठणकते" असं आहे. म्हणजे अजून निवांत जाऊन दाखवायची वेळ आहे. ती वाया घालवू नका. ठणका आपोआप थांबला तर आई म्हणतील, "बघ, राहिलं की." दाढेतली नस मेली की दुखणं थांबतं, आणि कीड मुळाशी जाऊन हाडात पू धरते. ते राहिलेलं नसतं.

आता तयारी. फाइल, रिपोर्ट सगळं आणलंत तर उत्तमच, पण एकच गोष्ट आणणार असाल तर आईंच्या गोळ्यांची पिशवी आणा. जशी आहे तशी. कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवलेली असते किंवा फडताळात स्टीलच्या डब्यात असते, तीच. "बीपीची पांढरी, शुगरची दोन वेळा" असं सांगून आम्हाला काही कळत नाही. पाकिटं ओट्यावर पसरली की कळतं.

हे मी ठेच लागून शिकले. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एक आजोबा आले. हलणारी दाढ, दोन बोटांनी निघेल अशी. "काही आजार?" "काही नाही." मी दाढ काढली, कापूस दिला, घरी पाठवलं. संध्याकाळी सात वाजता नातू त्यांना मोटरसायकलवर घेऊन परत आला. धोतरावर रक्त, हातात रक्ताने भरलेला रुमाल. टाके घालून, अर्धा तास दाबून धरून ते थांबवलं. मग नातवाने खिशातून गोळ्या काढल्या. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही. आजोबांच्या हिशेबी हृदयाचं काम होऊन गेलं होतं, म्हणजे आजार संपला होता. मग सांगायचं काय? ते खोटं बोलले नव्हते. मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी "आजार काय" विचारायच्या आधी "रोज सकाळी किती गोळ्या घेता" असं विचारते.

तुमच्या आईंच्या पिशवीत बहुधा याच दोनपैकी एक किंवा दोन्ही असतील. मी हे अगदी ठासून सांगते: दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. शेजारच्या काकूंनी केल्या असतील, व्हॉट्सॲपवर आलं असेल, तरी नाही. दाढ काढल्यावर रक्त जास्त वेळ झिरपलं तर ते आम्हाला थांबवता येतं: दाबून, टाका घालून, खळग्यात विरघळणारा स्पंज भरून. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते आमच्या हातातलं नाही. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच एक-दोन दात काढले जातात. काही बदल करायचाच असेल तर तो हृदयाचे डॉक्टर लिहून देतील. स्टेंट बसवून दोन वर्षं झालीत हे बरंच आहे. पहिल्या काही महिन्यांतल्या असत्या तर तातडीचं सोडून बाकी सगळं मी पुढे ढकललं असतं.

पिशवीत मी आणखी दोन-तीन गोष्टी शोधते. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन असेल तर मी हिरड्या जास्त बारकाईने बघते, कारण त्या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात आणि लोक त्याला "हिरडीत मांस वाढलं" म्हणतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल, किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेत असतील, तर तेही हवं. त्या औषधांवर असलेल्यांची दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. क्वचितच, पण आधी माहीत असेल तर आम्ही शक्यतो दाढ वाचवायच्या मागे लागतो. स्टेंटऐवजी झडप बदललेली असती तर आधी अँटिबायोटिक लागलं असतं, तो विषय वेगळा. आणि ती मेडिकलमधून आणलेली दातदुखीची गोळी, तिचं पाकीटही आणाच. त्यात डायक्लोफेनॅक (दुखणं-सूज कमी करणारं औषध) किंवा तशा जातीचं दुसरं काही असेल तर स्टेंट असलेल्या, रक्तदाब-मधुमेहाच्या बाईने ते आपल्या मनाने घ्यायचं नसतं; हृदयाला आणि मूत्रपिंडाला दोन्हीला त्रास. डॉक्टरकडे जाईपर्यंत दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल बरी, तीही त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एक फोन करून.

जेवून या. हे सांगावं लागतं, कारण रक्त तपासायला उपाशी जायची सवय लागलेली माणसं दातांच्या डॉक्टरकडेही उपाशीच येतात. मधुमेहाची गोळी घेतलेली, पोट रिकामं, वर भीती. खुर्चीतच घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळची वेळ घ्या, भाकरी-भाजी खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन निघा. येताना दात घासून, खळखळून चूळ भरून या. पण त्या दिवसापुरते दात चमकवायला कोळसा, राख, विटकरीची पूड असलं काही नको.

आता खुर्ची. आईंना आडवं पडल्यावर चक्कर येते का, मानेचा त्रास आहे का, हे आधीच सांगा. खुर्ची अर्धी खाली करूनही काम होतं. वरचा दिवा डोळ्यांवर येतो, तेव्हा त्यांना सांगून ठेवा की डोळे मिटले तरी चालतं. ही बारीक गोष्ट वाटते, पण वयस्क बायका डॉक्टरकडे बघत राहणं ही रीत समजून दिव्याकडे टक लावतात आणि त्यांचे डोळे पाणावतात. हात वर करायची खूण ठरवून घ्या. माझ्याकडे डावा हात वर केला की मी थांबते, मग काहीही असो. एकदा खरंच थांबतात हे कळलं की सहसा कुणी पुन्हा हात वर करत नाही.

मी आधी बाहेरून बघते: चेहरा एका बाजूला सुजलाय का, गळ्याखाली गाठी लागतात का, तोंड पूर्ण उघडतं का. तोंड उघडण्याची साधी मोजणी म्हणजे पेशंटचीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का. सुपारी-गुटखा खाणाऱ्या अनेकांची दोनसुद्धा मावत नाहीत. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसून त्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. मग ओठ उलटून, गाल ओढून, जीभ कापडाने धरून दोन्ही कडा. दातांकडे मी सगळ्यांत शेवटी येते. तुमच्या आईंना वाटेल, दाढ इकडे दुखतेय आणि ही बाई जिभेखाली काय शोधतेय. त्याचं उत्तर मिश्रीच्या परिच्छेदात आहे.

दात बघताना डॉक्टर सोबतच्या मदतनीस मुलीला आकडे सांगतात. "फोर सिक्स, खोल कीड." हे आकडे ऐकून माणसं घाबरतात, की आपले सेहेचाळीस दात कसे? चार म्हणजे तोंडाच्या चार भागांपैकी चौथा, खालचा उजवा. सहा म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात. तुमच्या वर्णनावरून आईंची दाढ हीच किंवा तिच्या मागची सत्तेचाळीस असेल. नंतर एक बोथट, खुणा असलेली काडी हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच टेकवत नेतात आणि पुन्हा आकडे: "तीन, दोन, तीन, सहा." हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटायला लागलीय असं समजायचं. मधुमेहाच्या माणसात हे आकडे मोठे येतात, आणि गंमत म्हणजे उलटही खरं आहे: हिरड्यांचा पू-सूज बरी केली की साखर ताब्यात ठेवणं थोडं सोपं जातं. एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) शेवटचा रिपोर्ट असेल तर आणा म्हणते ते यासाठी.

दुखऱ्या दाढेच्या दोन-तीन चाचण्या होतात. आरशाच्या दांडीने दाढेवर टकटक करतात. शेजारच्या चांगल्या दातावरही करतात, म्हणजे फरक कळतो. कापसाच्या बोळ्याने गारवा लावतात. चांगला दात आंबतो आणि गारवा काढला की दोन-चार सेकंदांत शांत होतो. ज्याची नस सुजलीय तो कळ धरून बसतो, मिनिटभर सोडत नाही. आणि जी मेलीय ती काहीच सांगत नाही. या वेळी आईंनी "सहन होतंय, चालू द्या" असं सोसणं दाखवायचं नाही, हे त्यांना आधी सांगा. आमच्याकडच्या बायकांना कळ सोसायची इतकी सवय असते की मला चेहरा न बघता पायाची बोटं बघावी लागतात. बोटं आखडली की मला उत्तर मिळालं.

मग एक्स-रे. एका दाढेचा असेल तर बोटाएवढी पट्टी तोंडात धरावी लागते, उमासा येऊ शकतो. नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाचा अंगठा हलवत राहायचं, लक्ष तिकडे जातं. किरणांची भीती असेल तर एवढंच: अशा एका एक्स-रेचा मारा साधारण तेवढाच, जेवढा आपण घरात बसून एका दिवसात माती-हवा-आकाशातून घेतो. सगळे दात एकत्र दाखवणारा मोठा एक्स-रे पहिल्या भेटीत प्रत्येकाला लागतोच असं नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत, ६३ वर्षांत कुणी बघितलेलंच नाही म्हटल्यावर मी तो बहुधा काढला असता.

इथवर दुखलेलं काय? गारव्याची एक कळ, आणि हिरडी सुजलेली असेल तर काडीचं थोडं टोचणं. बस. सुई अजून आलेलीच नाही. ती येते ती पुढच्या भेटीत, काम करायचं ठरल्यावर. आधी हिरडीवर जेल लावतात, मग लिग्नोकेनचं, म्हणजे भुलेचं, इंजेक्शन. मुंगी चावल्यासारखं म्हणतात ते मला पटत नाही, मुंगीपेक्षा जरा जास्त आहे. पण दहा-पंधरा सेकंदांचं. खालच्या दाढेला दिलं की अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दोन-तीन तास जड राहतात. त्या वेळात गरम चहा आणि ओठ चावणं, दोन्ही टाळायचं. अगदी ठणका लागलेल्या दाढेला भूल कमी चढते, हेही खरं आहे. म्हणूनच म्हणतेय, ठणका कमी असताना जा. हृदयाचा त्रास आहे हे सांगितलेलं असलं की भुलेचं औषध आणि त्याचं प्रमाण आम्ही त्या बेताने ठरवतो. रक्तदाब आम्ही खुर्चीतच मोजतो. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर तातडीचं नसलेलं काम त्या दिवशी होत नाही. त्यावर "एवढ्या लांबून आलोय, करूनच टाका" असा आग्रह धरू नका.

पहिल्याच दिवशी दाढ काढतील का? सहसा नाही, आणि कुणी घाई करत असेल तर तुम्ही "आज औषध द्या, विचार करून सांगतो" म्हणू शकता. दाढेचं पुढे काय, हे एक्स-रे बघितल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. मुळाभोवतीचं हाड चांगलं असेल आणि वरचा भाग पुरेसा शिल्लक असेल तर रूट कॅनल (आतली खराब नस काढून पोकळी भरणं) करून वर टोपी बसवायची; त्याला एक ते तीन खेपा. हाडच गेलं असेल, दाढ डगमगत असेल, तर काढलेली बरी. मी तुमच्या जागी असते तर एक प्रश्न जरूर विचारला असता: "डॉक्टर, तुमच्या आईची असती तर काय केलं असतं?" या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ घेणारा डॉक्टर मला आवडतो.

आता मिश्री.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, वाटून, बोटाने दातांवर फिरवायची. तुमच्या आईंच्या पिढीत अर्ध्या गल्लीला ही सवय होती आणि कुणाला ती व्यसन वाटत नव्हती; दात घासायची पूडच होती. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यात तथ्य एवढंच की तंबाखूची तल्लफ भागली की आतडी हलतात. पहिली काही वर्षं मीही ओरडायचे. एका मावशींना भरल्या दवाखान्यात सुनावलं होतं, "हे असं तोंड करून ठेवलंय आणि आता माझ्याकडे आलात?" त्यांनी पदर तोंडावर ओढला तो खाली आलाच नाही. त्या परत आल्या नाहीत. पुढे त्यांची सून मुलाला घेऊन आली तेव्हा कळलं, दुखणारी दाढ त्यांनी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसणाऱ्या एकाकडून पक्कड लावून काढून घेतली, आणि जबड्याचं हाड महिनाभर चिघळत होतं. त्याला कारण मी होते.

तेव्हापासून मी विचारायची पद्धत बदलली. "मिश्री लावता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. "मिश्री दिवसातून किती वेळा लागते, दोनदा का तीनदा?" असं विचारलं की मावशी जरा थांबतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तीनदा. दुपारी नाय लागली तर डोकं दुखतं." आणि मग बोटाने नेमकी जागाही दाखवतात, कुठे घोळवतात ती. मला तीच जागा हवी असते. तिथे पांढरा, पुसून न निघणारा चट्टा आहे का, लाल खरबरीत भाग आहे का, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का, हे मी गॉजने पुसून, बोटाने दाबून बघते. अशाच एका बाई किडलेल्या दाढेसाठी आल्या होत्या. खालचा ओठ उलटला तर आतल्या खाचेत तांदळाच्या पिठाच्या खळीसारखा चट्टा. दुखत नव्हता, म्हणून त्यांच्या लेखी नव्हताच. कऱ्हाडला पाठवून तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचे बदल होते. चट्टा काढला. आता दर सहा महिन्यांनी येतात, खुर्चीत बसायच्या आधीच खालचा ओठ उलटून उभ्या राहतात.

म्हणून आईंना घरूनच सांगा: मिश्रीचं सांगायचं, लपवायचं नाही. आणि तुम्ही स्वतः डॉक्टरांपुढे "सांग ना आई, लावतेस ते" असं चारचौघांत म्हणू नका. हे कळकळीचं आहे. मुलासमोर आई जास्त लपवते. शक्य असेल तर बहिणीला किंवा बायकोला सोबत आत पाठवा आणि तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. फोन करून वेळ घेता ना, तेव्हाच रिसेप्शनवर सांगून ठेवता येतं: "आई पहिल्यांदाच येतायत, मिश्रीची सवय आहे, ओरडू नका." मला असे फोन येतात. मला राग येत नाही, उलट सोपं जातं.

नजरेचं काय? यावर हसू नका. त्यांच्या अनुभवात ते बसतं. वरच्या दातांना भूल दिली की डोळ्याखाली गाल जड होतो, डोळा वेगळाच वाटतो. आणि ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदू पिकतो. शेजारच्या आजींचे दात काढले आणि वर्षभरात दिसेनासं झालं, म्हणजे दातांमुळेच. खरं असं आहे की दातांकडे जाणारी नस वेगळी आणि बघण्याची नस वेगळी. दात काढून नजर जात नाही. आणि तुमच्या आईंची दाढ खालची आहे, तिचा तर डोळ्याशी दूरचाही संबंध नाही. त्यांना एवढंच विचारून बघा: आजवर ज्यांनी दात काढले ते सगळे आंधळे झाले का? आणि मधुमेह असल्याने नजर खरंच तपासून घ्यायला हवी. तालुक्याला येताच आहात तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही दाखवा. नजरेची काळजी तिथेच मिटवा.

यासारखीच दुसरी समजूत दात साफ करण्याबद्दलची: "यंत्राने साफ केले की दात हलतात." त्यांच्या दातांवर किटणाचा थर असणारच. ते किटण काढलं की आतापर्यंत त्याच्या आधाराने उभे असलेले दात मोकळे वाटतात, फटी दिसतात, आठवडाभर गार पाण्याने शिवशिवतात. दात यंत्राने हलत नाहीत. किटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, ते फक्त उघडं पडतं.

खर्च गावाप्रमाणे, डॉक्टरप्रमाणे बदलतो. माझ्याकडे तपासणीचे २००, एका दाढेच्या एक्स-रेचे १५०, साधी दाढ काढायला ५०० ते ८००, रूट कॅनलला साडेतीन ते साडेचार हजार आणि टोपी कशाची घेता त्यावर अडीचपासून आठ हजारांपर्यंत. पुण्या-मुंबईत याच्या दुप्पट धरून चाला. तो सगळ्या दातांचा मोठा एक्स-रे सोडला तर पहिल्या दिवशी तुमच्या खिशातून माझ्याकडे पाचशेच्या आत जाईल. पुढचं सगळं कागदावर लिहून मागा: कुठला दात, काय काम, किती खेपा, किती पैसे, आणि यातलं काय आत्ता लागणार, काय सहा महिन्यांनी चालेल. कमी खर्चात हवं असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि काही ग्रामीण रुग्णालयांतही दातांचा विभाग असतो. डेंटल कॉलेजांचा पर्यायही चांगला आहे: कऱ्हाड, सांगली, पुणे, सरकारी हवं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. तिथे विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक लक्ष ठेवतात. काम हळू होतं, खेपा जास्त होतात, पण मेहनतीने होतं.

डॉक्टर निवडताना पाटी आणि एसी बघू नका. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का बघा. हत्यारं तुमच्यासमोर बंद पाकीट फाडून काढतात का बघा. त्या पाकिटावर एक खूण असते, वाफेच्या यंत्रातून गेल्यावर तिचा रंग बदलतो. दाखवा म्हटलं तर कुठलाही चांगला डॉक्टर दाखवेल.

आणि एक इशारा, कारण गावाकडे हे हमखास होतं. दाढेवर सूज आली तर बाहेरून गरम विटेने, मिठाच्या पुरचुंडीने शेकू नका, पू पसरतो. दाढेत तंबाखूची चिमूट, ॲस्पिरिनची गोळी, कापूर असलं काही भरू नका. हिरडी भाजलेली मी बघितलीय. जबड्याखाली सूज उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलल्यासारखी झाली, सोबत ताप असेल, तर माझ्यासारख्या दवाखान्यात थांबायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले तरी. मधुमेहाच्या माणसात हे पटकन चिघळतं.

तुम्ही आणखी एक विचारलं होतं ते राहिलं: दाढ काढावीच लागली तर लगेच दुसरी बसवतात का? लगेच नाही. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते, पण आतलं हाड बसायला वेळ लागतो. मी कवळी किंवा ब्रिजसाठी (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दातासाठी) सहसा तीन महिने थांबते. इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचं) म्हणाल तर साखर ताब्यात असेल आणि मिश्री सुटली असेल तरच मी त्यावर बोलायला बसते. तोवर आईंनी डाव्या बाजूने चावायचं, आणि भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तरी कुणी काही म्हणत नाही.